उंबरठ्याच्या आतला उजेड : मराठी घरातील प्रवेशमार्गाच्या सजावटीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

चित्र, शिल्प, मंदिरस्थापत्य यांविषयी मराठीत समीक्षात्मक लेखन होत आले आहे. परंतु ज्या घरात आपण राहतो त्या घराच्या अंतर्भागाची रचना आणि सजावट हा विषय आपण बहुतांशी वृत्तपत्रांच्या पुरवण्या, रंगकंपन्यांच्या पुस्तिका आणि बांधकाम व्यावसायिकांची माहितीपत्रके यांच्याकडे सोपवून मोकळे झालो. तेथे त्याला सल्ल्याचे रूप आले. सल्ल्याची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. तो पाळला जातो किंवा विसरला जातो. प्रस्तुत लेखात अशाच एका सर्वपरिचित सल्ल्याचा विचार करावयाचा आहे.

तो सल्ला असा : घराचा पॅसेज, म्हणजे मुख्य दारापासून आतल्या खोल्यांकडे नेणारी अरुंद जागा, उजळ आणि आमंत्रक असावी. त्यासाठी भिंतींना पांढरा किंवा फिकट पिवळा रंग द्यावा, आरसा लावावा, फॉल्स सीलिंगमध्ये छोटे दिवे बसवावेत, कोपऱ्यात हिरवी कुंडी ठेवावी, भिंतीवर कुटुंबाची छायाचित्रे टांगावीत आणि चपलांचे कपाट बंद दाराचे करून घ्यावे. यांतील एकही सूचना सर्वस्वी चुकीची नाही. सुताराला, रंगाऱ्याला आणि वायरमनला त्यातून काम मिळते, घरमालकालाही काही काळ समाधान लाभते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वेगळा आहे. या साऱ्या सल्ल्यामागे 'उजळ' आणि 'आमंत्रक' हे भिंतीच्या पृष्ठभागाचे गुण आहेत, ते बाहेरून चढवता येतात, असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः उजेडाविषयी पहिला प्रश्न तो येतो कोठून हा आहे आणि आमंत्रणाविषयी पहिला प्रश्न ते कोणाला आहे हा आहे. पहिला प्रश्न घराच्या आराखड्याचा आहे, दुसरा समाजरचनेचा. सजावटीचा सल्ला या दोहोंविषयी मौन पाळतो, आणि त्याचे अपयश त्या मौनात आहे.

'पॅसेज' हा शब्द येथे मुद्दाम तसाच ठेवला आहे. मराठीत बोळ आहे, पण तो मुख्यतः गल्लीचा. बोळकांडी आहे, पण त्या शब्दात तुच्छता मुरलेली आहे. देवडी, पडवी, ओसरी, ओटी, सोपा हे सारे शब्द जेथे काहीतरी केले जाते अशा जागांचे आहेत. तेथे बसतात, धान्य निवडतात, हिशेब लिहितात, पाहुण्याची वाट पाहतात. केवळ ये-जा करण्यासाठी राखलेली आणि इतर कशासाठीही न वापरावयाची जागा ही कल्पना मराठी घराच्या शब्दसंग्रहात ठळकपणे आढळत नाही. तिला आपण इंग्रजी नाव दिले, कारण ती वस्तूच त्या नावासकट आली.

देवडीचा अंधार

पुण्यातील विश्रामबागवाडा (एकोणिसाव्या शतकाचे पहिले दशक) किंवा वाईजवळील मेणवली येथील नाना फडणविसांचा वाडा पाहणाऱ्याला वाड्याच्या प्रवेशाचा क्रम सहज जाणवतो. भव्य दरवाजा, त्यातली वाकून जावे लागेल अशी दिंडी, तिच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बैठका असलेली देवडी, आणि देवडी ओलांडताच आकाशाला उघडा असलेला चौक. देवडी अंधारी असते. तिच्या जाड भिंतींत खिडकी क्वचितच असते, कारण तिचे काम संरक्षणाचे होते. आजच्या सल्लागाराने ती पाहिली तर तिला पांढरा रंग आणि चार दिवे सुचवील. परंतु रस्त्यावरच्या उन्हातून देवडीत आलेल्या माणसाच्या डोळ्यांची बाहुली तेथे विस्फारू लागते, आणि त्याच अवस्थेत तो चौकात पाऊल टाकतो. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. उजेडाला तो त्यामानाने फार लवकर, एखाददुसऱ्या मिनिटात सरावतो. देवडीतून चार पावलांत बाहेर पडणाऱ्याला चौक आहे त्याहून अधिक प्रकाशमान भासतो याचे कारण या फरकात आहे. चौकातला उजेड देवडीने वाढवलेला असतो, आणि त्यासाठी तिला अंधारे राहावे लागते.

कोकणातील घराचा क्रम याच्या जवळजवळ उलट आहे. खळे पूर्ण उघडे, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. प्रत्येक पायरीला उजेड थोडा कमी होत जातो. पावसाच्या माऱ्यापासून मातीच्या वा चिऱ्याच्या भिंती वाचवण्यासाठी छपराची पाखी इतकी खाली ओढलेली असते की पडवीत शिरताना उंच माणसाला मान लववावी लागते. येणाऱ्याचा वेगही आपोआप मंदावतो. देशावरचा वाडा अंधारातून उजेडात नेतो, कोकणातले घर उजेडातून सावलीत. उन्हातान्हातून चालत आलेल्या माणसाला ती सावलीच आमंत्रण वाटते. मग 'आमंत्रक' म्हणजे 'उजळ' हे समीकरण आले कोठून? कोकणातल्या उन्हाळ्यातील दुपारी ते लागू पडत नाही. ते बहुधा लांब हिवाळ्याच्या प्रदेशांत तयार झाले आणि तेथील गृहसजावटीच्या नियतकालिकांतून आपल्याकडे जसेच्या तसे उतरले.

या दोन्ही परंपरांत प्रवेशाची सजावट होती, परंतु ती फार थोड्या जागेवर एकवटलेली होती. दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण, उंबरठ्यावरची हळदकुंकवाची बोटे, दाराशेजारच्या देवळीत तेवणारी पणती आणि दारापुढची रांगोळी, एवढाच काय तो प्रपंच. यातील रांगोळीचे प्रकाशशास्त्र विशेष पाहण्यासारखे आहे. शिरगोळ्याची पांढरी भुकटी शेणाने सारवलेल्या काळसर-हिरव्या जमिनीवर पडते, आणि आसपासचा काळोख हाच तिचा पट होतो. तीच रांगोळी पांढऱ्या चकचकीत फरशीवर घातली की दिसेनाशी होते. म्हणून आता फरशीवर गेरूचा पट्टा काढून त्यावर ती घालतात, किंवा रंग भरतात, किंवा प्लॅस्टिकची छापील रांगोळी चिकटवून टाकतात. जमीन उजळ झाली आणि उंबरठ्यावरचा उजेड हरवला. सर्व पृष्ठभाग एकदम उजळ करण्याच्या सल्ल्याचे मर्यादित स्वरूप दाखवणारे याहून घरगुती उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

पॅसेजचे कुळ

पाश्चात्त्य वास्तुविचारात या जागेच्या उगमाची चिकित्सा रॉबिन इव्हान्स या समीक्षकाने १९७८ साली एका निबंधात केली. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. सोळाव्या शतकातील इटालियन प्रासादांत खोल्या एकमेकींत उघडत. एका खोलीला तीन-चार दरवाजे असणे ही सोय मानली जाई, आणि माणसे खोल्यांतूनच खोल्यांत जात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मात्र खोल्यांना बाहेरून जोडणारा स्वतंत्र मार्ग घराच्या पोटात शिरला. रॉजर प्रॅट याने शतकाच्या मध्यास बांधलेले कोलशिल हाउस हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे घराच्या लांबीभर मधोमध मार्ग होता, आणि नोकरवर्गाला मालक-पाहुण्यांच्या नजरेस न पडता वावरता यावे हा त्यामागचा हेतू प्रॅटने लपवून ठेवला नव्हता. याचा अर्थ पॅसेज ही जागा जन्मतः आमंत्रणाची नव्हती. माणसे एकमेकांना भेटू नयेत यासाठी ती निर्माण झाली. तिला रंग, आरसा आणि कुंडी यांच्या जोरावर आमंत्रक करू पाहणे म्हणजे तिच्या कुळधर्माशीच झगडणे होय.

मुंबईत हा मार्ग दोन रूपांनी आला, आणि दोहोंतील फरक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गिरगाव-परळच्या पुष्कळ चाळींत खोल्यांची एकच रांग आणि तिच्यापुढे एका अंगाला उघडी असलेली गॅलरी असते. ही गॅलरी पॅसेज आहेच, पण तिला आकाश दिसते. तिच्यातून शेजाऱ्याच्या घरी जाता येते, तिच्यात पापड वाळतात, पोरे अभ्यास करतात आणि रात्री पुरुषांची अंथरुणे पडतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) पासून चाळीविषयीचा जो जिव्हाळा मराठी लेखनात रुजला, त्यात या उघड्या अंगाचा वाटा आपण मानतो त्याहून मोठा असावा.

दुसरे रूप बीडीडी चाळींचे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे गिरणी कामगारांसाठी काँक्रीटच्या चार मजली चाळी उभारल्या. मजल्यावर सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या दोन रांगांत समोरासमोर, आणि मधून मार्ग. खोल्यांच्या खिडक्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे या मधल्या मार्गाला स्वतःचा उजेड नव्हता. तो मिळे जिन्यापाशी, टोकांना आणि उघड्या दारांतून. यातील तिसरा स्रोत विचार करण्यासारखा आहे. शेजाऱ्यांनी दारे उघडी ठेवली तर मार्ग उजळे, लावली तर काळोखे. म्हणजे मार्गातला उजेड शेजारधर्मावर अवलंबून होता. हे वर्णन करताना हळवे होण्याचा मोह टाळला पाहिजे. दारे उघडी राहत याला खोलीत कोंडलेली आठ-दहा माणसे आणि कोंडलेला उकाडा हेही कारण होते. या चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या काहीशे रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० चौरस फुटांत काढलेल्या कुटुंबांना कोणी जुन्या मार्गातल्या उजेडाचे गोडवे ऐकवू नयेत.

आजच्या मध्यमवर्गीय फ्लॅटमधला पॅसेज बीडीडी चाळीच्या मार्गाचा घरात आलेला वंशज आहे. दोन्ही बाजूंना खोल्या, त्यांची दारे लावलेली, टोकाला बहुधा न्हाणीघराचे दार. फरक एवढाच की येथे दार उघडे ठेवण्याचे ते जुने कारणही उरलेले नाही. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब पॅसेज ३० चौरस फुटांचा होतो. चौरस फुटाचा भाव १० हजार रुपये धरला तर त्याची किंमत तीन लाख भरते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील चटई क्षेत्राच्या व्याख्येप्रमाणे ही जागा सदनिकेच्या वापरायोग्य क्षेत्रातच मोजली जाते, तर बाल्कनी त्या हिशेबातून वगळली जाते. ज्या जागेत बसता येत नाही ती वापरायोग्य आणि जेथे बसता येते ती हिशेबाबाहेर, असा हा कायदेशीर विनोद आहे.

उजेडाचा हिशेब

दिवसाच्या उजेडाविषयीचे भारतीय मानक (आयएस २४४०) घरातील निरनिराळ्या जागांना बाहेरच्या आकाशाचा किती टक्के उजेड मिळावा हे सांगते. स्वयंपाकघराला २.५, अभ्यासाच्या खोलीला १.९, बैठकीच्या खोलीला ०.६२५ आणि ये-जा करण्याच्या मार्गाला ०.३१३ टक्के. आकाशाचा उजेड हिशेबासाठी ८,००० लक्स धरला जातो, म्हणजे मार्गाच्या वाट्याला सुमारे २५ लक्स येतात. मेणबत्तीपासून वीतभर अंतरावर धरलेल्या कागदावर साधारण एवढाच उजेड पडतो. मानकाची अपेक्षा इतकी माफक आहे, आणि तरीही मधोमध सापडलेले बहुसंख्य पॅसेज दारे लावल्यावर ती पूर्ण करीत नाहीत. कारण उघड आहे. त्यांना आकाश दिसत नाही.

आता रंगाच्या सल्ल्याकडे वळू. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत फेकते, मध्यम छटेची भिंत सुमारे ५० टक्के. अरुंद जागेत किरण भिंतीभिंतींवर आपटत पुढे सरकतो. तीन वेळा आपटल्यावर पांढऱ्या भिंतींमध्ये निम्म्याहून किंचित अधिक उजेड शिल्लक राहतो, मध्यम छटेच्या भिंतींमध्ये जेमतेम आठवा हिस्सा. तेव्हा रंगाचा परिणाम खरा आहे आणि तो मोठा आहे. परंतु हा सारा गुणाकार आहे. मूळ उजेड शून्य असेल तर कोणत्याही रंगाने गुणून उत्तर शून्यच येणार. इतकेच नव्हे, तर अपुऱ्या उजेडात पांढरी भिंत पांढरी दिसतच नाही, ती राखाडी आणि मळकट दिसते. पुण्या-मुंबईच्या कित्येक फ्लॅटमध्ये दर तीन वर्षांनी पॅसेज पुन्हा पांढरा रंगवला जातो आणि पुन्हा उदास दिसतो. दोष रंगकंपनीला दिला जातो.

आरशाचेही तसेच. आरसा समोर जे असेल ते दुप्पट करतो. त्याच्यासमोर खिडकी असेल तर उजेड वाढल्यासारखा वाटतो. बंद दार असेल तर दोन बंद दारे दिसतात. सल्ल्यांच्या पुस्तिकांत आरसा 'जागा मोठी दाखवतो' असे सरसकट लिहिलेले असते, त्याने काय पाहावे हे लिहिलेले नसते. वास्तुशास्त्राचे सल्लागार आरशाच्या दिशेविषयी फार आग्रही असतात. त्यांच्या कारणांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

दिव्यांच्या बाबतीत एक अधिक सूक्ष्म चूक होते. छतात रांगेने बसवलेले छोटे दिवे प्रकाश सरळ खाली टाकतात. फरशी चकाकते आणि भिंती अंधारात राहतात. माणूस मात्र चालताना समोर पाहतो, फरशीकडे नव्हे. एखादी जागा उजळ आहे की नाही याचा निवाडा तो प्रामुख्याने समोरच्या उभ्या पृष्ठभागांवरून करतो. म्हणून छतातल्या सहा दिव्यांपेक्षा टोकाच्या भिंतीवर पडणारा एक दिवा पुष्कळदा अधिक काम करतो. देवडीच्या टोकाला चौक होता. पॅसेजच्या टोकाला निदान उजळलेली भिंत असावी, एवढीच ही अपेक्षा आहे. प्रकाशाच्या छटेचा प्रश्नही यातच येतो. आपल्याकडे घरोघरी ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा प्रकाश पसंत केला जातो, २,७०० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश नको असतो. पिवळा दिवा म्हणजे कमी दाबाच्या विजेवर मिणमिणणारा बल्ब, आणि ट्यूबलाईट म्हणजे आलेले बरे दिवस, ही स्मृती त्यामागे असावी. ती समजून घेतली पाहिजे; अभिरुचीच्या नावाखाली तिची टिंगल करणे उचित नाही.

परंतु या सर्वांहून अधिक परिणामकारक आणि अधिक स्वस्त असलेला एक उपाय आपण आपल्या हाताने बंद केला. १९३० आणि ४० च्या दशकांत दादर-माटुंगा परिसरात उभ्या राहिलेल्या जुन्या इमारतींत दारांच्या चौकटीवर काचेचे तावदान असलेले झरोके आढळतात. दार लावले तरी खोलीतला उजेड त्या झरोक्यातून मधल्या मार्गात उतरे आणि हवाही खेळे. एका जागेने दुसरीकडून उजेड उसना घ्यावा ही ती युक्ती होती. पुढे छतांची उंची कमी झाली, दारांवर माळे आले, वातानुकूलनासाठी खोल्या बंदिस्त कराव्या लागल्या आणि झरोके बुजले. बाल्कन्या खोल्यांत घेतल्या गेल्या तेव्हा बैठकीच्या खोलीतूनही उजेडाची एक पायरी आत सरकली, आणि पॅसेज आणखी आत ढकलला गेला. आधी आराखड्यातून उजेड काढून टाकावयाचा आणि मग त्याची प्रतिमा रंगाच्या डब्यातून विकत आणावयाची, असा हा व्यवहार आहे.

हे टाळता येते याचे पुरावे आपल्याच भूमीवर आहेत. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या कंबाला हिलवरील कांचनजंगा इमारतीत (१९८३) बंगल्याच्या व्हरांड्याची कल्पना उंच मनोऱ्यात नेली आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या उघड्या गच्च्या ठेवल्या. ती श्रीमंतांची घरे होती, हे खरे. परंतु त्याच सुमारास नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी निरनिराळ्या उत्पन्नगटांसाठी लहान घरे सामाईक अंगणाभोवती रचली. तेथे घरात शिरण्याची वाट आकाशाखालून जाते. रहिवाशांनी पुढे यांतील अनेक घरे पाडून आपल्या मनाजोगती बांधली; या वस्तुस्थितीकडे कोरियांचे चाहते काणाडोळा करतात. उघड्या आकाशापेक्षा एक जादा खोली रहिवाशांना अधिक मोलाची वाटली असेल, तर तेही समीक्षकाने नोंदवलेच पाहिजे.

'या, बसा'

उजेडाचा प्रश्न असा निदान मोजता तरी येतो. आमंत्रणाचा प्रश्न अवघड आहे.

मराठी आतिथ्याचे सूत्र दोन शब्दांचे आहे : 'या, बसा.' पहिल्या शब्दासाठी दार पुरते, दुसऱ्यासाठी जागा लागते. देवडीला बैठक होती, ओटीवर झोपाळा वा बाकडे होते, ओसरीवर जाजम पडे, गूळ-पाणी येई. येणाऱ्याला घराच्या पोटात न नेता त्याचा मान राखता येईल अशी ही अधलीमधली जागा होती. पॅसेजमध्ये 'या' म्हणता येते, 'बसा' म्हणता येत नाही. परिणामी आलेला माणूस एकतर थेट बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर जातो, किंवा सेफ्टी डोअरच्या जाळीबाहेर उभा राहतो. मधली अवस्था संपली. टपाल घेऊन आलेला, वर्गणी मागायला आलेला, पत्ता विचारणारा, शेजारचे दार बंद म्हणून थांबलेला म्हातारा, या सर्वांची जागा मधल्या अवस्थेतच होती.

येथवर आलेला युक्तिवाद जुन्या ओसरीच्या बाजूने झुकतो आहे हे वाचकाच्या ध्यानी आले असेल. त्याला तेथेच थांबू देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ओटी-ओसरी ही स्वागताची जागा होती तशीच ती अडवण्याचीही जागा होती. कोणी खळ्यात उभे राहावे, कोणी पडवीपर्यंत यावे, कोणी ओटीवर टेकावे आणि कोणाचे पान माजघरात मांडावे हे जातीने ठरवलेले होते. ज्या पायऱ्यांचे सौंदर्य वर वर्णिले त्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी थांबवला जात असे. ऊर्मिला पवार यांनी 'आयदान' (२००३) या आत्मकथनात रत्नागिरीकडील आपल्या बालपणाविषयी लिहिले आहे. आई विणत असलेली बांबूची आयदाने त्या गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवीत, तेव्हा त्यांना दाराबाहेर दूर उभे केले जाई, आयदानांवर पाणी शिंपडून मगच ती उचलली जात आणि पैसे हातावर वरून टाकले जात. ही घरे कोकणातलीच, मागे ज्यांच्या सावलीचे गुणगान केले त्याच घडणीची. त्या दारांपुढेही रांगोळी असेल, तोरण असेल. सौंदर्यदृष्टीने त्या प्रवेशात काहीही उणे नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीतही ओसरीचे चित्र एकपदरी नाही. ती बव्हंशी पुरुषांची होती. घरच्या बायका माजघराच्या दाराआडून ऐकत आणि चहा-पाणी दाराच्या कडेपर्यंत आणून देत. हळदीकुंकवाच्या दिवशी तेवढी ती त्यांची होई. फ्लॅटने ही विभागणी मोडली. एकाच बैठकीच्या खोलीत सारे बसू लागले, आणि ज्याला आपण संकोचलेला प्रवेश म्हणतो त्याच प्रवेशातून घरातली बाई कोणाची परवानगी न घेता बाहेर जाऊ लागली. वाड्याविषयीचा स्मरणरंजनपर मजकूर लिहिणाऱ्यांत हा हिशेब मांडणारे थोडे.

म्हणून प्रश्न ओसरी की पॅसेज असा नाही. आमंत्रण कोणापर्यंत पोहोचते हा आहे, आणि तो आजच्या घरालाही तितकाच लागू आहे. अनेक गृहसंकुलांत घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि सामान पोहोचवणारी मुले यांना वेगळ्या लिफ्टने यावे लागते. मोठ्या सदनिकांच्या आराखड्यांत स्वयंपाकघराला स्वतंत्र दार असते. कोलशिल हाउसमधील प्रॅटची योजना साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आपल्या उपनगरांत नांदते आहे. अशा घराच्या मुख्य दारातला पॅसेज कितीही उजळ केला तरी घरात रोज सर्वाधिक वेळा येणारी बाई त्यातून येतच नाही. येत असेल तर तिची चप्पल बंद दाराच्या कपाटात ठेवली जात नाही, जिन्याकडे काढून ठेवावी लागते. माहितीपत्रकांतील पॅसेजच्या छायाचित्रांत एकही माणूस नसतो आणि चपलाही नसतात. मराठी घराच्या दाराशी किती चपला आहेत यावरून आत कोण आले आहे हे शेजाऱ्याला कळते. छायाचित्रातल्या घरी कोणी आलेलेच नसते.

पुणे-मुंबईतील जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत सध्या पुनर्विकासाचे करार होत आहेत. सभासद वाढीव चटई क्षेत्र, पार्किंग आणि फरशीचा प्रकार यांसाठी घासाघीस करतात, आणि ती करावीच. परंतु त्याच बैठकीत दोन किरकोळ मागण्या करता येण्याजोग्या आहेत. एक, आतल्या दारांवर काचेचे झरोके. दोन, मुख्य दाराच्या आत लगेच भिंतीत दीड फूट खोलीचा कोनाडा आणि त्यात कडाप्प्याची बैठक, जिच्यापुढे चालण्याचे तीन फूट मोकळे राहतील. ही बैठक दाराच्या आतच हवी. बाहेरचा सामाईक मार्ग आगीच्या वेळी सुटकेचा असतो, तेथे बाकडे किंवा कपाट ठेवणे धोक्याचे आहे. खर्च फॉल्स सीलिंगपेक्षा बहुधा कमीच येईल. त्या बैठकीवर म्हातारी मावशी चप्पल घालताना टेकेल, शाळेतून लवकर सुटलेले शेजारचे पोर बसेल, गॅसचे सिलिंडर पाच मजले वर आणणारा माणूस घाम पुसत दोन मिनिटे थांबेल आणि पाणी मागेल.